पायथॉनमध्ये फंक्शनच्या आतून ग्लोबल व्हेरिएबल बदलताना नेमकं काय घडतं

एका बचत गटाचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम घेऊ. वर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, गटाची शिल्लक लिहिलेली आहे; अशा व्हेरिएबलला ग्लोबल म्हणतात. खाली दोन फंक्शन आहेत: एक शिल्लक दाखवतं, दुसरं नवी रक्कम जमा करून घेतं.

```
शिल्लक = ५००

डेफ दाखव():
    प्रिंट(शिल्लक)

डेफ जमा_कर(रक्कम):
    प्रिंट(शिल्लक)
    शिल्लक = शिल्लक + रक्कम
```

(या लेखात सगळा कोड देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष टाइप करताना पायथॉनचे स्वतःचे शब्द आणि अंक इंग्रजी लिपीतच लागतात. तुम्ही दिलेली नावं मात्र पायथॉन ३ पासून देवनागरीतही चालतात. `शिल्लक` हे अगदी वैध नाव आहे.)

`दाखव()` चालवलं की ५०० छापलं जातं. `जमा_कर(१००)` चालवलं की प्रोग्रॅम थांबतो आणि अनबाउंड-लोकल-एरर येते. आता एरर कोणत्या ओळीवर आली ते नीट बघा. ती बेरजेच्या ओळीवर येत नाही, त्याच्याही आधीच्या, नुसत्या छापण्याच्या ओळीवर येते. तीच ओळ पहिल्या फंक्शनमध्ये बिनतक्रार चालली होती. बेरजेची ओळ काढून टाका, छापण्याची ओळ पुन्हा चालू लागते. म्हणजे खाली लिहिलेल्या, अजून चाललेल्याही नसलेल्या ओळीमुळे वरची ओळ बिघडते.

इथे बहुतेक ठिकाणी एका ओळीत उपाय सांगितला जातो: फंक्शनच्या सुरुवातीला `ग्लोबल शिल्लक` लिहा. उपाय बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर पुढच्या महिन्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. लिस्टच्या बाबतीत `ग्लोबल` न लिहिताही काम होतं, मग इथेच का नाही? दुसऱ्या फाइलमधून आणलेलं व्हेरिएबल `ग्लोबल` लिहूनही का बदलत नाही? ही सगळी कोडी एकाच नियमातून सुटतात, म्हणून आधी तो नियमच समजून घेऊ.

चालण्याआधीच ठरलेलं असतं

पायथॉन ओळीमागून ओळ चालवत जातो, हे खरं आहे. पण फंक्शनच्या बाबतीत त्याआधी एक टप्पा असतो. फंक्शनचा कोड चालवण्यापूर्वी पायथॉन तो पूर्ण वाचतो, कंपाइल करतो (म्हणजे बारीक सूचनांमध्ये बदलतो) आणि आतल्या प्रत्येक नावाबद्दल निर्णय घेऊन टाकतो: हे नाव या फंक्शनचं स्वतःचं, म्हणजे लोकल, की बाहेरचं? निर्णयाचा निकष एकच. फंक्शनच्या आत कुठेही त्या नावाला काही दिलं जात असेल, तर ते नाव लोकल. आणि ते लोकल असतं संपूर्ण फंक्शनभर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पॅरामीटरही लोकलच, कारण फंक्शन बोलावताना त्याला व्हॅल्यू दिली जाते. नाव फक्त वाचलं जात असेल, तर ते बाहेर शोधलं जातं.

`जमा_कर` मध्ये `शिल्लक =` अशी ओळ आहे. झालं, `शिल्लक` लोकल ठरलं. मग वरची छापण्याची ओळ चालते तेव्हा पायथॉन ग्लोबल `शिल्लक` कडे बघतच नाही. तो लोकल `शिल्लक` मागतो, आणि तिला अजून काहीच मिळालेलं नसतं. म्हणून एरर.

निर्णय चालण्याआधी होतो, याची खात्री करून घ्यायची असेल तर नेमणुकीची, म्हणजे नावाला काही देणारी ओळ कधीच न चालणाऱ्या जागी ठेवा:

```
डेफ दाखव():
    प्रिंट(शिल्लक)
    इफ फॉल्स:
        शिल्लक = ०
```

ती शेवटची ओळ कधीही चालणार नाही. तरीही पहिल्या ओळीवर एरर येते, कारण ती ओळ लिहिलेली आहे एवढंच पुरेसं आहे.

यामागची यंत्रणा डोळ्यांनी बघता येते. पायथॉनसोबत `डिस` नावाचं मॉड्यूल (इम्पोर्ट करून वापरायची कोडची फाइल) येतं. त्याला फंक्शन दिलं की ते फंक्शन ज्या बारीक सूचनांमध्ये कंपाइल झालंय त्या छापून मिळतात. `दाखव` च्या मूळ रूपात `शिल्लक` साठी ‘लोड ग्लोबल’ ही सूचना दिसते. `जमा_कर` मध्ये त्याच नावासाठी ‘लोड फास्ट’ घराण्यातली सूचना दिसते; नेमकं नाव आवृत्तीनुसार थोडं बदलतं. फरक फक्त नावाचा नाही. लोकल व्हेरिएबलसाठी फंक्शनमध्ये क्रमांक लावलेल्या ठरावीक जागा असतात आणि पायथॉन थेट त्या जागेतून व्हॅल्यू उचलतो. ग्लोबल नावं मात्र मॉड्यूलच्या एका डिक्शनरीत शोधावी लागतात, आणि तिथे नाही सापडलं तर `प्रिंट`, `लेन` यांसारख्या अंगभूत नावांच्या यादीत. म्हणूनच एकदा ‘या नावाची जागा इथे’ असं ठरलं की प्रोग्रॅम चालू असताना ते बदलत नाही. जागा रिकामी निघाली तर पायथॉन बाहेर शोधायला जात नाही, एरर देतो.

या एररचा मजकूर पूर्वी ‘लोकल व्हेरिएबल नेमणुकीआधी वापरलं’ अशा अर्थाचा होता. पायथॉन ३.११ पासून तो ‘ज्या ठिकाणी लोकल व्हेरिएबलला व्हॅल्यूच जोडलेली नाही तिथे ते वापरता येत नाही’ अशा अर्थाचा झाला. दोन्ही मजकुरांत खरी माहिती ‘लोकल’ या एका शब्दात आहे. नवशिक्या माणसाची नजर नेमकी तिथेच ठरत नाही, कारण त्याच्या मनात ते व्हेरिएबल ग्लोबलच असतं.

‘नेमणूक’ कशाकशाला म्हणायचं

बरोबरच्या चिन्हाला आपण सगळेच ओळखतो. पण नावाला काहीतरी देणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. `+=` आणि त्याची भावंडं. `फॉर` लूपमधलं फिरतं नाव. `विथ … ॲज` आणि `एक्सेप्ट … ॲज` मधलं नाव. आत लिहिलेलं दुसरं फंक्शन किंवा क्लास. ३.८ मध्ये आलेलं वॉलरस चिन्ह `:=`. नाव पुसून टाकणारा `डेल` सुद्धा. आणि `इम्पोर्ट`.

या शेवटच्यापाशी जरा थांबू, कारण अनुभवी माणसंही इथे अडकतात. समजा फाइलच्या वर `इम्पोर्ट जेसन` आहे आणि एका मोठ्या फंक्शनमध्ये ते सुरुवातीला वापरलं आहे. काही दिवसांनी कोणीतरी त्याच फंक्शनच्या तळाशी, एका `इफ` च्या आत, सोयीसाठी पुन्हा `इम्पोर्ट जेसन` लिहितं. तेव्हापासून त्या फंक्शनपुरतं `जेसन` हे लोकल नाव झालं. वरची, गेली कित्येक वर्षं नीट चालणारी ओळ आता अनबाउंड-लोकल-एरर देते. शोधणारा माणूस मॉड्यूल नीट इन्स्टॉल आहे का, आवृत्ती जुळते का हे तपासत बसतो. खरं कारण असतं चाळीस ओळी खाली.

म्हणून ही एरर दिसली की एररच्या ओळीकडे बघत बसू नका. एररमध्ये जे नाव दिलं आहे ते त्या फंक्शनमध्ये शोधा आणि त्याला कुठे काही दिलं जातंय ते बघा. कारण तिथेच सापडतं.

असा नियम का केला

सी भाषेत व्हेरिएबल वापरण्याआधी त्याचा प्रकार लिहून ते जाहीर करावं लागतं. फंक्शनच्या आत जाहीर केलं तर लोकल, नाहीतर बाहेरचं. तिथे गोंधळाला जागा नाही. पायथॉनमध्ये अशी जाहीर करण्याची ओळच नाही. पहिल्यांदा व्हॅल्यू दिली की व्हेरिएबल जन्माला येतं. मग फंक्शनच्या आत `शिल्लक = ०` लिहिलं तर लेखकाला नवं लोकल हवं आहे की बाहेरचं बदलायचं आहे, हे पायथॉनने कसं ओळखावं? काहीतरी एक गृहीत धरणं भागच आहे.

जावास्क्रिप्टने सुरुवातीला उलटं गृहीत धरलं. फंक्शनमध्ये जाहीर न करता नावाला काही दिलं तर तिथे ते थेट ग्लोबल होतं. लूपमधला साधा `आय` लिहिताना जाहीर करणारा `व्हार` हा शब्द विसरला की दोन असंबंधित फंक्शन एकमेकांचा आकडा बिघडवू लागायची. २००९ च्या पाचव्या आवृत्तीत आलेल्या स्ट्रिक्ट मोडने हे बंद केलं, पण साध्या स्क्रिप्टमध्ये तो मोड मागून घ्यावा लागतो. पीएचपीने दुसरं टोक गाठलं: तिथे फंक्शनच्या आत ग्लोबल व्हेरिएबल नुसतं वाचायचं असलं तरी ते आधी मागून घ्यावं लागतं. रुबीने चिन्हावर भागवलं. ग्लोबल नावाच्या आधी डॉलर लावायचा.

पायथॉनने मधला मार्ग घेतला: वाचायला मोकळीक, द्यायला परवानगी. वाचण्यासाठीही परवानगी मागायला लावली असती तर प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर त्यात वापरलेल्या सगळ्या फंक्शनांची आणि इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलांची यादी लिहावी लागली असती, कारण तीही ग्लोबल नावंच आहेत. आणि द्यायलाही मोकळीक ठेवली असती तर जावास्क्रिप्टसारखी चुकून बाहेरचं काहीतरी बदलण्याची भीती कायम राहिली असती. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

`ग्लोबल` हा शब्द काय करतो

```
डेफ जमा_कर(रक्कम):
    ग्लोबल शिल्लक
    शिल्लक = शिल्लक + रक्कम
```

‘या फंक्शनमध्ये `शिल्लक` हे नाव लोकल समजू नकोस’ एवढंच `ग्लोबल` सांगतो. ही कंपाइल होतानाची सूचना आहे. त्यामुळे ती फंक्शनमध्ये त्या नावाच्या पहिल्या वापराआधी यावी लागते. नंतर लिहिली तर ३.६ पासून थेट सिंटॅक्स एरर मिळते, त्याआधी नुसती ताकीद मिळायची. `ग्लोबल शिल्लक = ०` असं एकाच ओळीत उरकता येत नाही. फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव ग्लोबल म्हणून जाहीर करता येत नाही. बाहेर ते नाव अजून नसेल तर फंक्शन चालल्यावर ते तयार होतं. आणि ही सूचना ज्या फंक्शनमध्ये लिहिली त्याच्यापुरतीच. आत आणखी एक फंक्शन असेल आणि तेही बाहेरचं व्हेरिएबल बदलणार असेल, तर तिथे पुन्हा लिहावी लागते.

आता सगळ्यात धोकादायक प्रकाराकडे वळू. त्यात एरर येतच नाही:

```
डेफ नवं_वर्ष():
    शिल्लक = ०
```

इथे `शिल्लक` आधी वाचलेली नाही, थेट दिलेली आहे. पायथॉनच्या दृष्टीने सगळं ठीक आहे: एक लोकल व्हेरिएबल तयार झालं, त्यात शून्य गेलं, फंक्शन संपलं आणि ते व्हेरिएबलही संपलं. बाहेरची शिल्लक जशीच्या तशी राहिली. लेखकाला वाटतं की नव्या वर्षाचा हिशोब शून्यापासून सुरू झाला, आणि जुन्या वर्षाचे पाचशे रुपये नव्या वर्षात मिसळतात. अनबाउंड-लोकल-एररला लोक शिव्या देतात, पण ती निदान वेळेवर ओरडते. या दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम गप्प राहतो. चांगले एडिटर आणि पायलिंटसारखी तपासणी-साधनं ‘हे व्हेरिएबल दिलं पण कुठे वापरलं नाही’ अशी सूचना देतात. ती सूचना अंगवळणी पडून दुर्लक्षित होऊ देऊ नका.

लिस्टला `ग्लोबल` का लागत नाही

```
नोंदी = []

डेफ नोंद_कर(मजकूर):
    नोंदी.अपेंड(मजकूर)
```

हे `ग्लोबल` शिवाय व्यवस्थित चालतं. इथून ‘लिस्ट आणि डिक्शनरी आपोआप ग्लोबल असतात, आकडे आणि स्ट्रिंग नसतात’ असा एक समज पसरतो. तो चूक आहे. प्रकाराचा इथे काही संबंध नाही.

पायथॉनमधलं नाव हे डबा नव्हे, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी आहे. `नोंदी = []` म्हणजे एक रिकामा डबा आणून त्यावर ‘नोंदी’ अशी चिठ्ठी लावणं. `नोंदी.अपेंड(…)` म्हणजे चिठ्ठी वाचून डबा शोधणं आणि त्यात काहीतरी टाकणं. चिठ्ठी जागची हलली नाही. उलट फंक्शनमध्ये `नोंदी = []` लिहिलं तर दुसरा डबा येतो आणि चिठ्ठी त्याच्यावर लावली जाते. पायथॉनचा लोकल-ग्लोबल नियम फक्त चिठ्ठी लावण्याबद्दल आहे. डब्यात काय टाकता, काय काढता याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता आकडा आणि लिस्ट यांतला दिसणारा फरक उलगडतो. आकडा आणि स्ट्रिंग यांच्या आत शिरून काही बदलताच येत नाही. ५०० चं ६०० करायचं तर ६०० हा वेगळा ऑब्जेक्ट घेऊन नाव त्याला द्यावंच लागतं. लिस्ट, डिक्शनरी आणि सेट आतून बदलता येतात. म्हणून `नोंदी.क्लिअर()` बाहेरची लिस्ट रिकामी करतं आणि `नोंदी = []` करत नाही. लिस्टमध्ये आधी निदान एक नोंद असेल तर `नोंदी[०] = "रद्द"` चालतं, कारण चौकोनी कंस लावून केलेली नेमणूक ही लिस्टच्या आतल्या जागेला असते, `नोंदी` या नावाला नसते. तसंच टिंबाचं. `गट.शिल्लक = ६००` मध्ये `गट` हे नाव फक्त वाचलं जातं; बदल होतो तो त्या ऑब्जेक्टच्या आत.

मग `नोंदी += ["चहापाणी"]` चं काय? लिस्टच्या बाबतीत `+=` ही जुनी लिस्टच वाढवतं, नवी बनवत नाही. म्हणजे हे `अपेंड` सारखं चालायला हवं असं वाटतं. तरीही फंक्शनच्या आत ते अनबाउंड-लोकल-एरर देतं. कारण `+=` दोन कामं करतं: आधी लिस्ट वाढवतं, आणि मग निकाल पुन्हा त्याच नावाला देतं. निकाल तोच जुना ऑब्जेक्ट असला तरी देणं हे देणं आहे. कंपाइल करताना पायथॉनला `नोंदी` मध्ये लिस्ट असेल की आकडा हे माहीतही नसतं. त्याला फक्त `+=` दिसतं, आणि नाव लोकल ठरतं. `नोंदी.एक्स्टेंड(…)` लिहिलं की हाच बदल सुरळीत होतो.

मुलाखतीत हा प्रश्न फार विचारला जातो. पाठ करण्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारा: या ओळीत टिंब आणि कंस सोडून, नुसत्या नावाला काही दिलं जातंय का?

फंक्शनच्या आत फंक्शन

नाव शोधण्याचा क्रम असा: आधी फंक्शनचं स्वतःचं, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनांचं, मग मॉड्यूलचं ग्लोबल, शेवटी अंगभूत. यातली दुसरी पायरी सुरुवातीला नव्हती. ती २००१ मध्ये २.१ आवृत्तीत मागून घेण्याजोगी आली आणि २.२ पासून कायमची झाली. पण तेव्हाही वेढणाऱ्या फंक्शनचं व्हेरिएबल वाचता यायचं, नव्याने देता यायचं नाही. `ग्लोबल` लिहून उपयोग नव्हता, कारण तो थेट मॉड्यूलच्या पातळीवर उडी मारतो. लोक मग आकडा एका घराच्या लिस्टमध्ये ठेवायचे आणि `मोजणी[०] += १` असं लिहायचे; जुन्या कोडमध्ये ही युक्ती अजून दिसते. २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पायथॉन ३.० ने `नॉनलोकल` दिला आणि ती युक्ती निवृत्त झाली.

```
डेफ मोजणारा():
    मोजणी = ०
    डेफ पुढे():
        नॉनलोकल मोजणी
        मोजणी += १
        रिटर्न मोजणी
    रिटर्न पुढे
```

`ग्लोबल` आणि `नॉनलोकल` मध्ये एक फरक लक्षात ठेवा: वेढणाऱ्या कुठल्याही फंक्शनमध्ये ते नाव नसेल तर `नॉनलोकल` सिंटॅक्स एरर देतो. `ग्लोबल` सारखं नवं नाव तो तयार करत नाही.

ग्लोबल म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमचं नव्हे

फाइल एकच असेपर्यंत हे जाणवत नाही. पायथॉनमधलं ग्लोबल व्हेरिएबल एका मॉड्यूलपुरतं, म्हणजे एका फाइलपुरतं असतं. फंक्शनसाठी ‘ग्लोबल’ म्हणजे ते फंक्शन ज्या फाइलमध्ये लिहिलंय त्या फाइलचं. ते कुठून बोलावलं गेलं याचा काही संबंध नाही.

समजा वरचा कोड `हिशोब` या फाइलमध्ये आहे, आणि दुसऱ्या फाइलमध्ये हे लिहिलं:

```
फ्रॉम हिशोब इम्पोर्ट शिल्लक, जमा_कर

जमा_कर(१००)
प्रिंट(शिल्लक)
```

`जमा_कर` मध्ये `ग्लोबल` नीट लिहिलेलं असूनही इथे ५०० च छापलं जातं. `फ्रॉम … इम्पोर्ट` ने दुसऱ्या फाइलमध्ये `शिल्लक` नावाची तिची स्वतःची चिठ्ठी बनवली आणि ती ५०० वर लावली. नंतर `हिशोब` मधली चिठ्ठी ६०० वर गेली, पण या फाइलमधली आहे तिथेच राहिली. उपाय असा की नाव उचलून आणण्याऐवजी मॉड्यूलच आणा: `इम्पोर्ट हिशोब`, आणि दर वेळी `हिशोब.शिल्लक` असं विचारा. बाहेरून बदलायची असेल तर `हिशोब.शिल्लक = ०` लिहा. टिंब आहे, म्हणून `ग्लोबल` ची गरज नाही. अनेक फाइलींना लागणाऱ्या सेटिंगसाठी `कॉन्फिग` नावाचं एक छोटं मॉड्यूल करून सगळीकडे ते इम्पोर्ट करण्याची पद्धत याच पायावर उभी आहे, आणि पायथॉनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही तीच सुचवलेली आहे.

याच्या शेजारचा आणखी एक खड्डा. जी फाइल तुम्ही थेट रन करता तीच दुसऱ्या एखाद्या फाइलने इम्पोर्ट केली, तर पायथॉन तिला दोनदा चढवतो: एकदा मुख्य प्रोग्रॅम म्हणून, एकदा मॉड्यूल म्हणून. तिची ग्लोबल व्हेरिएबल दोन संचांत तयार होतात. एकात केलेला बदल दुसऱ्यात दिसत नाही, आणि कोड वाचून कारण सापडत नाही. सगळ्यांना लागणारी व्हेरिएबल रन होणाऱ्या फाइलमध्ये ठेवू नयेत, ती वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवावीत.

लिहिता येतं, पण लिहावं का

ग्लोबल व्हेरिएबलबद्दलची कुरकुर जुनी आहे. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी १९७३ मध्येच त्यांच्या धोक्यांवर निबंध लिहिला होता. मुद्दा तेव्हाचाच आहे. `जमा_कर(१००)` ही ओळ वाचून ती काय वाचते आणि काय बदलते हे कळत नाही. ते कळायला फंक्शन उघडावं लागतं, आणि त्याने बोलावलेली फंक्शनही.

याचं खरंखुरं उदाहरण पायथॉनच्याच घरात आहे. `रँडम` मॉड्यूलची साधी फंक्शन आतून एकाच सामायिक, लपलेल्या ऑब्जेक्टवर चालतात. तुम्ही सीड (सुरुवातीचा आकडा) देऊन यादृच्छिक आकड्यांचा क्रम ठरवून घेतलात, आणि मध्येच दुसऱ्या कुठल्या लायब्ररीने त्याच मॉड्यूलमधून एक आकडा मागितला, तर तुमचा पुढचा सगळा क्रम सरकतो. ज्याला प्रयोगाचे निकाल पुन्हा तसेच मिळवायचे आहेत त्याच्यासाठी हे जाचक आहे. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतही हाच प्रश्न होता. २०१९ च्या १.१७ आवृत्तीपासून तिथे स्वतंत्र जनरेटर तयार करून तो फंक्शनांना हातात देण्याची पद्धत आली, आणि नव्या कोडसाठी तीच सुचवली जाते. फंक्शनला जे लागतं ते त्याला दिलेलं दिसावं, हाच त्यामागचा विचार.

बचत गटालाही तेच लागू पडतं:

```
डेफ जमा_कर(शिल्लक, रक्कम):
    रिटर्न शिल्लक + रक्कम

शिल्लक = जमा_कर(शिल्लक, १००)
```

शिल्लक बदलते आहे हे आता बोलावणाऱ्या ओळीतच दिसतं. टेस्ट लिहायची तर आधी काही मांडामांड करावी लागत नाही. आणि एका प्रोग्रॅममध्ये चार गट सांभाळायचे असतील, प्रत्येकाची सभासदांची यादी, कर्जं, नोंदी वेगळ्या असतील, तर क्लास:

```
क्लास बचत_गट:
    डेफ __इनिट__(सेल्फ, सुरुवात):
        सेल्फ.शिल्लक = सुरुवात

    डेफ जमा_कर(सेल्फ, रक्कम):
        सेल्फ.शिल्लक += रक्कम
```

इथेही `+=` आहे आणि एरर नाही. कारण तेच, मध्ये टिंब आहे.

ग्लोबल सरसकट टाकून द्यावेत असं मी म्हणणार नाही. न बदलणारे आकडे, फाइलींचे पत्ते, लॉगर हे मॉड्यूलच्या पातळीवरच शोभतात. बदलू नयेत अशी नावं सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहायची, ही पेप ८ (पायथॉनची अधिकृत लेखनशैली) मधली पद्धत पाळली की वाचणाऱ्याला लगेच समजतं. पायथॉन स्वतः मात्र ती नावं बदलण्यापासून कोणाला रोखत नाही. पन्नास ओळींच्या, एकदाच चालवायच्या स्क्रिप्टमध्ये एक `ग्लोबल` असला तर काही बिघडत नाही. एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवण्यासाठी ग्लोबल डिक्शनरी करत असाल, तर `फंकटूल्स` मधलं `एलआरयू कॅश` बघा. ते काम ते नीटनेटकं करतं.

जिथे ग्लोबल मुळीच चालत नाही अशी एक जागा म्हणजे वेब सर्व्हर. भेट देणाऱ्यांची संख्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मोजणारं फंक्शन तुमच्या लॅपटॉपवर बरोबर चालतं. सर्व्हरवर गुनिकॉर्नसारखं साधन त्याच प्रोग्रॅमच्या अनेक प्रोसेस सुरू करतं, आणि प्रत्येक प्रोसेसची स्मृती वेगळी. चार प्रोसेस म्हणजे चार वेगळे आकडे. पान रिफ्रेश केलं की आकडा कधी पुढे, कधी मागे. प्रोसेस पुन्हा सुरू झाली की शून्य. असा आकडा डेटाबेसमध्येच ठेवायला हवा. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतील तर आकडा एकच असतो, पण `मोजणी += १` म्हणजे वाचणं, वाढवणं आणि परत ठेवणं अशी तीन कामं आहेत. मध्येच दुसऱ्या थ्रेडने तेच केलं तर एक वाढ हरवू शकते. ते टाळायला लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लागतो.

ग्लोबल फसवतात अशी दुसरी जागा म्हणजे ज्युपिटर नोटबुक, जिथे कोड सेल नावाच्या तुकड्यांत लिहून एकेक तुकडा चालवता येतो. तिथे प्रत्येक सेलमध्ये फंक्शनच्या बाहेर लिहिलेलं नाव ग्लोबल असतं, आणि सेल पुसला तरी ते नाव स्मृतीतून जात नाही. तासाभरापूर्वी `डेटा` नावाने काहीतरी वाचलं, नंतर तो सेल काढून टाकला आणि नवं नाव `नवा_डेटा` ठेवलं. फंक्शनच्या आत मात्र चुकून अजून `डेटा` च लिहिलेलं आहे. फंक्शन कुरकुर न करता जुन्या डेटावर आलेख काढून देतं. नोटबुक कोणाला पाठवण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा पायथॉन) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवा. असं लपलेलं नाव तिथेच नेम-एरर देऊन उघडं पडतं.